अनरजिस्टर्ड शूटिंग

काजल थूलला दुसऱ्या वर्षात एडिटिंग शिकवायला माधव सर होते, आणि सरांना एडिटिंग येतं असं म्हणायला कागदोपत्री काहीच अडचण नव्हती. वर्ध्याच्या त्या कॉलेजात जनसंवादाचा कोर्स सुरू झाला तेव्हा एक लॅब झाली, सोळा कॉम्प्युटर आले, फीत कापली गेली. सॉफ्टवेअरचं लायसन एका वर्षाचं होतं. ते संपून आता चार वर्षं झाली होती. नूतनीकरणाचा प्रस्ताव वर गेला होता. वर म्हणजे नेमका कुठे, हे सरांनाही माहीत नव्हतं.

तोवर प्रॅक्टिकल थांबू नये म्हणून सरांनी आपल्यापरीने मार्ग काढला होता. मुलं जर्नलमध्ये सॉफ्टवेअरच्या स्क्रीनची आकृती काढत. टाइमलाइन पट्टीने आखायची, चित्राचा पट्टा निळ्या पेन्सिलीने, आवाजाचा हिरव्या. कट जिथे मारायचा तिथे बाण. काजलची आकृती वर्गात सगळ्यात सुबक असे. सरांनी ती एकदा तपासणीला आलेल्या समितीलाही दाखवली होती.

जानेवारीत सरांनी सांगितलं की या सत्रात प्रत्येकाने पाच मिनिटांची फिल्म करायची आहे. "सॉफ्टवेअर आपापलं बघा," सर म्हणाले. "मात्र व्यावसायिक दर्जाचं हवं."

काजल नाचणगावची. वडील नत्थू लाइनमन होते, आई सीताबाई अंगणवाडीत मदतनीस. घरात एक जुना लॅपटॉप होता, तोही काजलच्या शिष्यवृत्तीतून सेकंडहँड घेतलेला. त्याची बॅटरी गेलेली होती, त्यामुळे तो भिंतीजवळच चाले.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत वर्गात जाणकार एकच होता, सुमीत. तो सिंदी मेघेला राहायचा. त्याने अकरा सॉफ्टवेअरचा तुलनात्मक तक्ता केला होता. कोणतं किती रॅम खातं, कोणत्यात रंग सुधारता येतात, कोणाला विद्यार्थी सवलत आहे, सगळं रकान्यांत. तक्ता करायला त्याला दीड महिना लागला होता आणि तो अजून पुरा व्हायचा होता.

"तू यातलं कोणतं वापरतोस?" काजलने विचारलं.

"अजून ठरवलं नाही," सुमीत म्हणाला. "बाराव्याचा रिव्ह्यू यायचा आहे."

तक्त्यातलं पहिलं सॉफ्टवेअर सगळ्यात चांगलं होतं. ते विकत मिळत नसे, महिन्याच्या भाड्याने मिळे, आणि ते भाडं पुलगावातल्या एका खोलीइतकं होतं. विद्यार्थ्यांना निम्म्याहून कमी, पण त्यासाठी कॉलेजच्या नावाचा ईमेल लागत होता. काजल कॉलेजच्या ऑफिसात गेली. तिथे प्रभाकरराव बसत. त्यांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"ईमेल काऊन पायजे?"

"सर, व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थ्यांना सवलत आहे."

"सवलत आहे तं बोनाफाइड लागन," प्रभाकरराव म्हणाले आणि त्यांनी खणातून छापील फॉर्म काढला. फॉर्मवर कारणाचे तीन पर्याय होते: एसटी पास, रेल्वे पास, शिष्यवृत्ती. प्रभाकररावांनी चष्मा वर करून बराच विचार केला. शेवटी त्यांनी रेल्वे पासवर खूण केली आणि पुढे कंसात 'व्हिडिओ' असं लिहिलं. "वडिलांचा उत्पन्नाचा दाखला जोडजो. दोन प्रती."

"पण सर, मला ईमेल..."

"हे घेऊन जा ना त्यांच्याकडे. शिक्का पाहून कोनी नाई म्हनत नाई."

सॉफ्टवेअरवाल्यांचं ऑफिस साता समुद्रांपलीकडे होतं. काजलने तो फॉर्म जपून ठेवला, कारण त्यावर शिक्का खरोखर चांगला उमटला होता.

तक्त्यातलं दुसरं सॉफ्टवेअर फुकट होतं आणि सिनेमावालेसुद्धा ते वापरतात असं सुमीत सांगे. ते उतरवायला काजलचा दोन दिवसांचा नेट पॅक गेला. उघडायला बावीस मिनिटं लागली. उघडल्यावर त्याने एक खिडकी दाखवली, तिच्यात लॅपटॉपबद्दल इंग्रजीत चार ओळी होत्या. सौम्य शब्दांत लिहिल्या होत्या, पण अर्थ एवढाच होता की या यंत्रावर हे चालणार नाही.

मग ती पुलगावात रुपेशच्या मोबाइलच्या दुकानात गेली. रुपेशकडे सगळ्या गोष्टींची 'फुल व्हर्जन' मिळे. त्याने पेन ड्राइव्हवरून दहा मिनिटांत काहीतरी टाकून दिलं आणि सांगितलं, "अँटिव्हायरस बंद ठेवजो. तो उगाच बोंबलते."

त्या संध्याकाळी काजल जेवायला उठली तेव्हा लॅपटॉपसमोर नत्थू बसले होते. स्क्रीनवर एक बाई आली आणि हसून रमी खेळायला बोलावू लागली. नत्थूंनी बटण दाबलं, ती गेली. मग दुसरी आली.

"ही बाई कोन व्हय?" नत्थूंनी विचारलं.

"एडिटिंगची आहे बाबा," काजल म्हणाली.

"मले पैसे जिंकाले बोलवून राह्यली." ते थोडा वेळ बघत राहिले. "कॉलेजात हे शिकवते का?"

काजलने ते सॉफ्टवेअर काढलं. टाकण्यापेक्षा काढायला जास्त वेळ लागला. सीताबाई बाजूलाच भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माह्याकडे मशीन आहे, सुई-दोरा आहे, अन् तुह्याकडे कातरायले कातरीच नाई," आणि परत भाजीकडे वळल्या.

याच सुमारास काजलच्या मावशीच्या, आनंदाबाईंच्या मुलीचं लग्न झालं. मुलगी, करुणा, आरोग्यसेविका होती, आर्वी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात. मुलगा वडनेरचा, धीरज, हिंगणघाटला कृषी खात्यात लिपिक. पुलगावच्या फोटोग्राफरने शूटिंग केलं आणि एडिटिंगचे पैसे वेगळे सांगितले, तेव्हा आनंदाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एडिटिंग कायले? आपली काजल शिकून राह्यली ना दोन वर्सांपासून." फोटोग्राफरने साडेतीन तासांचं कच्चं शूटिंग पेन ड्राइव्हमध्ये घालून काजलच्या हातात दिलं.

नाही म्हणायची सोय राहिली नाही. दोन वर्षं आकृत्या काढत होते हे मावशीला सांगणं तिला बरं वाटलं नाही. शिवाय याच लग्नातून कॉलेजची पाच मिनिटं निघतील असा तिने विचार केला.

तिने पंधरा दिवस फुकट चालणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. तक्त्यात ते सातव्या क्रमांकावर होतं. ते तिच्या लॅपटॉपवर चाललं. दर अर्ध्या तासाला अडकत होतं, पण चाललं. पहिल्या दिवशी तिला कट कुठे मारायचा ते बटण सापडेना, कारण जर्नलमध्ये ते वर होतं आणि इथे खाली. तिसऱ्या दिवशी हात बसला. बुद्धवंदना सुरू असताना करुणाच्या चेहऱ्यावर आलेलं ऊन, पांढऱ्या साडीचा पदर सावरणाऱ्या आनंदाबाई, पंगतीत पाण्याचा जग घेऊन पळणारे काका. ती एकेक तुकडा जोडत गेली. साडेतीन तासांची चाळीस मिनिटं झाली. दहा दिवस तिने दुसरं काही केलं नाही. शेवटी फाइल बाहेर काढायचं बटण दाबलं, लॅपटॉप पाच तास घुरघुरत राहिला आणि फिल्म तयार झाली.

तिने ती लावून पाहिली. पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत, चित्राच्या मधोमध, पांढऱ्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द आडवा पसरला होता: अनरजिस्टर्ड. सॉफ्टवेअरचे पैसे भरले नव्हते म्हणून तो आला होता. काम करताना तो दिसत नसे, काम संपल्यावरच येई.

रविवारी करुणा माहेरी आली होती. काजल लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेली आणि वायर भिंतीत लावून तिने ते दाखवलं.

"ताई, सगळं झालं, अन् मंग हे आलं. सॉफ्टवेअर रजिस्टर नाई केलं म्हनून येते. मले एक दुसरं फुकटवालं सापडलं आहे, लहान आहे, जुन्या लॅपटॉपवर चालते. पन सगळं पयलेपासून करा लागन. आठ दिवस दे मले."

करुणा स्क्रीनजवळ सरकली. स्क्रीनवर तिचे सासरे, सदाशिवराव, पाहुण्यांचं स्वागत करत होते. शब्द बरोबर त्यांच्या छातीवरून गेला होता.

"हे सॉफ्टवेअरबद्दल आहे असं कुठं लिवलं आहे का?" तिने विचारलं.

"नाई. नुसतं अनरजिस्टर्ड."

करुणाने लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं आणि तिला सांगितलं. लग्नाला दोन महिने होत आले होते. नवरा-बायकोची नोकरी एकमेकांजवळ यावी म्हणून बदलीचा अर्ज करता येतो, पण त्याला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. तो नव्हता. सदाशिवराव निवृत्त ग्रामसेवक होते. नोकरीत त्यांनी शेकडो लग्नं नोंदवली होती. सुनेने पहिल्यांदा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, मी बसलो ना. दुसऱ्यांदा म्हणाले, घरचंच काम आहे, कवाही होते. तिसऱ्यांदा सासूने सांगितलं की त्यांना सारखं सारखं म्हटलेलं आवडत नाही. धीरज वडिलांसमोर बोलत नसे. करुणा आर्वीकडे भाड्याच्या खोलीत राहत होती आणि पंधरा दिवसांतून एकदा तीन गाड्या बदलून वडनेरला जात होती.

"राहू दे तो शब्द," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी सगळे आहेत घरी. असंच दाखवजो. नंतर कर तुह्यं दुसरं."

"ताई, मले ते काही विचारतील."

"तं खरं तेच सांगजो. जास्त नको सांगू."

पुढच्या रविवारी दुपारी वडनेरला सदाशिवरावांच्या बैठकीत टीव्हीला पेन ड्राइव्ह लागला. घरची माणसं होती, आनंदाबाई होत्या, आणि शेजारचे निवृत्त शिक्षक वासुदेवराव मुद्दाम बोलावले होते, कारण ते दोन ठिकाणी दिसणार होते. काजल दाराशी बसली.

पहिली पाच मिनिटं जो तो फिल्ममध्ये आपापला चेहरा शोधत होता. आनंदाबाईंना वाटलं ते फोटोग्राफरचं नाव असावं. मग वासुदेवरावांनी सवयीने मोठ्याने वाचलं, "अन-रजिस्टर्ड." त्यांनी सदाशिवरावांकडे पाहिलं. "नोंदणी न झालेले. हे कोनाबद्दल लिवलं आहे?"

सदाशिवराव सरळ बसले. टीव्हीवर वर-वधू हात जोडून उभे होते, वर शब्द. माळा घातल्या, वर शब्द. पंगत बसली, शब्द वरण-भातावर. सदाशिवराव पाहुण्यांशी बोलताना दिसले तेव्हा वासुदेवराव खाली मान घालून पाणी प्यायले.

"काजल," सदाशिवराव म्हणाले. "हे तू लिवलं?"

"नाई काका. ते आपोआप येते."

"आपोआप म्हंजे?"

"ज्याचं रजिस्टर नाई झालं त्याच्यावर येते."

"कॉम्प्युटरले कसं समजते, झालं का नाई ते?"

"सगळं ऑनलाइन असते ना काका आता," काजल म्हणाली.

सदाशिवरावांनी नोकरीची शेवटची सहा वर्षं ऑनलाइन पोर्टलबरोबर काढली होती. एका घरकुलात खिडकी नाही हे त्या पोर्टलला त्यांच्या आधी कळलं होतं. एकदा त्यांची स्वतःची रजा त्यांनी मागण्याआधीच नामंजूर होऊन आली होती. त्यामुळे लग्नाची नोंद झालेली नाही हे शूटिंगला परस्पर कळलं, यात त्यांना अशक्य असं काही वाटलं नाही. त्यांना फक्त लाज वाटली.

"बंद करू का?" धीरजने विचारलं.

"राहू दे. पुरं पाहू," सदाशिवराव म्हणाले. उरलेली तीस मिनिटं त्यांनी ताठ बसून पाहिली. करुणा आतून चहा घेऊन आली, तिने कप ठेवले आणि ती परत गेली. टीव्हीकडे तिने पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी सदाशिवराव इस्त्रीचा शर्ट घालून ग्रामपंचायतीत गेले. तिथे आता एक तरुण बाई काम पाहत होत्या. त्यांनी कागद पाहिले आणि आजच करून देते म्हणाल्या. पण सदाशिवरावांनी स्वतःच भरलेला अर्ज परत मागून घेतला. करुणाच्या शाळेच्या दाखल्यावर तिच्या नावात 'रु' ऱ्हस्व होता आणि आधार कार्डावर दीर्घ.

"चालते काका एवढं," बाई म्हणाल्या.

"चालत नाई," सदाशिवराव म्हणाले. "मी वीस वर्सं लोकायले परत पाठवलं याच्यासाठी."

त्यांनी प्रतिज्ञापत्र करून आणलं. मग साक्षीदारांपैकी वासुदेवरावांच्या पत्त्यात वॉर्ड चुकला होता, तो त्यांनी शोधून काढला. मग फोटोची पार्श्वभूमी पांढरी नव्हती. चार फेऱ्या त्यांनी स्वतःच स्वतःला मारायला लावल्या. शेवटी नोंद झाली. विलंब शुल्क लागायला अजून नऊ दिवस बाकी होते. दाखला त्यांनी लॅमिनेट करून करुणाच्या हातात दिला आणि म्हणाले, "बदलीचा अर्ज कर आता." करुणाने तो त्याच दिवशी केला.

इकडे कॉलेजात फिल्म द्यायची तारीख आली. काजलने लहानसं फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन सगळं लग्न पहिल्यापासून जोडलं होतं, आणि त्यातून पाच मिनिटं वेगळी काढली होती. ते सॉफ्टवेअर सुमीतच्या तक्त्यात नव्हतं. एका व्हिडिओखाली कोणीतरी दोन ओळींत त्याचं नाव लिहिलं होतं. त्यात चकाकणाऱ्या सोयी नव्हत्या. कापायचं आणि जोडायचं, एवढंच ते नीट करत असे, आणि चित्रावर काही लिहीत नसे.

माधव सरांनी फिल्म दोनदा पाहिली. पंगतीतल्या काकांपाशी ते हसले. मग त्यांनी गुणपत्रक पुढे ओढलं.

"सॉफ्टवेअर कोणतं?"

काजलने नाव सांगितलं.

"किंमत?"

"फुकट आहे सर."

सरांचा चेहरा पडला. "फॉर्ममध्ये किमतीचा रकाना आहे. शून्य लिहिलं तर व्यावसायिक दर्जाचं आहे हे मी कसं दाखवू?" त्यांनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि शेवटी 'लागू नाही' असं लिहिलं. काजलला पन्नासपैकी त्रेचाळीस मिळाले. सुमीतची फिल्म झालीच नव्हती. त्याने बारा सॉफ्टवेअरचा तक्ता स्पायरल बाइंडिंग करून दिला आणि त्याला संशोधनाबद्दल चव्वेचाळीस मिळाले. त्याने काजलला कँटीनमध्ये चहा पाजला आणि ते लहानसं सॉफ्टवेअर तेरावं म्हणून लिहून घेतलं.

मे महिन्यात सदाशिवरावांचा फोन आला. आता नोंद झाली आहे, तेव्हा शूटिंगवरचा शब्द काढून आण. काढून झाल्यावर कोपऱ्यात नोंदणी क्रमांक आणि तारीख टाक, लोकांना दिसली पाहिजे. काजलने तसं केलं आणि लॅपटॉपच सोबत घेऊन ती वडनेरला गेली.

बैठकीत तेव्हा ते एकटेच होते. फिल्म टीव्हीवर लागली, कोपऱ्यात पहिल्यापासून नोंदणी क्रमांक होता. सदाशिवराव समाधानाने पाहत होते, आणि काजलला ते बघवेना.

"काका, एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "तो शब्द लग्नाबद्दल नव्हता. सॉफ्टवेअरचे पैसे भरले नाई म्हनून होता. मी तुमाले पुरं सांगतलं नाई."

सदाशिवरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"म्हंजे कॉम्प्युटरले काही समजत नव्हतं?"

"नाई."

"करुणाले माहीत होतं?"

काजल टीव्हीकडे बघू लागली. सदाशिवरावांना उत्तर मिळालं.

"मंग नोंदणी करायची गरजच नव्हती असं म्हन," ते म्हणाले. मग त्यांनी मान हलवली. "नाई. करायचीच होती. तीनदा म्हनली ते पोरगी मले."

ते उठून टीव्हीजवळ गेले, चष्मा लावला आणि कोपऱ्यातला आकडा जवळून पाहिला. "क्रमांकाच्या पुढं सालाची तिरपी रेघ पायजे. तू आडवी टाकली."

काजलने लॅपटॉपची वायर त्यांच्या भिंतीत लावली आणि फाइल उघडली. रेघ बदलायला दोन मिनिटं लागली, फिल्म पुन्हा बाहेर पडायला तीन तास लागणार होते. सदाशिवराव म्हणाले, जेवून जाजो.

साडेपाचला फाटक वाजलं. करुणा ड्यूटीवरून आली होती, पायीच. बदली होऊन तिला मिळालेलं नवं उपकेंद्र दोन किलोमीटरवर होतं. तिने लसीची पेटी ओट्यावर ठेवली, आत डोकावून पाहिलं आणि काजलला विचारलं, "काय चालू आहे?"

"रेघ तिरपी करून राह्यली," काजल म्हणाली.

"बाबांनी सांगतलं असन," करुणा म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. सदाशिवराव आतून म्हणाले, "काजलसाठी पन भात लावजो, ते थांबून राह्यली."